जाणण्यासाठी केलेली हिंसा

जालना शहरातील गुरु गणेश तपोधाम हे स्थानकवासी जैनांचे श्रद्धास्थान होय. मूर्तिपूजा न मानणाऱ्या आणि तोंडावर मुखवस्त्रिका बांधणाऱ्या या परंपरेचे साधू-साध्वी आषाढापासून कार्तिकापर्यंत एकाच गावी राहतात, कारण पावसाळ्यात जमीन अंकुरांनी व किड्यामुंग्यांनी भरून जाते आणि चालणाऱ्याच्या पायाखाली जीवहत्या अटळ होते. नेमक्या याच महिन्यांत वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक माळावर उतरतो, कारण मराठवाड्याच्या कोरड्या पठारावरील कितीतरी वनस्पती पावसाबरोबर उगवून, फुलून, दिवाळीच्या सुमारास वाळूनही जातात आणि फुलाफळांसह उपटलेले रोप मिळाल्याशिवाय ओळख पक्की होत नाही.

जैन दर्शनात वनस्पती हा केवळ स्पर्शाचे ज्ञान असलेला एकेंद्रिय जीव मानला जातो, तर पक्षी पंचेंद्रिय ठरतो. गृहस्थाला चालत्याफिरत्या, म्हणजे त्रस जीवांची संकल्पी, म्हणजे हेतुपूर्वक केलेली हिंसा वर्ज्य असून वनस्पतींसारख्या स्थावर जीवांच्या बाबतीत मर्यादा पाळण्यास सांगितले आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात प्रमादयुक्त वृत्तीने केलेल्या प्राणघातास हिंसा म्हटले असल्याने, आपल्या मनात द्वेष नव्हता आणि निष्काळजीपणाही नव्हता, असा बचाव रोपांचे नमुने गोळा करणाऱ्या संग्राहकाला करता येईल. परंतु नमुन्यासाठी पक्ष्यावर हेतू ठरवून झाडलेल्या गोळीपुढे तो टिकत नाही. संग्रहालयाच्या एकाच इमारतीत ठेवलेले पान आणि पक्षी यांना म्हणूनच एकच न्याय लावता येत नाही.

शिवाय हिंसा तोडण्यापाशी संपत नाही. शुष्क वनस्पतिसंग्रहात टीपकागदांत दाबून वाळवलेले रोप जाड कागदावर चिकटवले जाते, खालच्या उजव्या कोपऱ्यात स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव असलेली चिठ्ठी लावली जाते, आणि कीड लागू नये म्हणून जुन्या रीतीने ते पाऱ्याच्या विषारी क्षारात बुडवले जाते. एकेंद्रियाच्या रक्षणासाठी अधिक इंद्रियांच्या जीवांना मारण्याचा हा उफराटा व्यवहार वर्षानुवर्षे चालतो.

तरीही संग्रहाची खरी परीक्षा अहिंसेपेक्षा सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या व्रतांवर होते. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली वर्णिलेल्या रानपिंगळा या घुबडाची जगात अवघी सात कातडी उरली होती. त्यांपैकी संग्राहक जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेले एक ब्रिटिश पक्षी-अभ्यासक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी ब्रिटिश संग्रहालयातून चोरले, ते नव्याने भरले आणि १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे आपणच तो पक्षी टिपल्याची चिठ्ठी त्याला लावली. परिग्रहाच्या, म्हणजे मालकीच्या हव्यासातून असत्य आणि चोरी दोन्ही आली, आणि त्या पक्ष्याच्या मरणातून मिळालेली साक्षच खोटी ठरली. १९९७ साली पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांनी ती चिठ्ठी बाद धरून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणांचा माग काढला, तेव्हा शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला.

मारलेल्या पक्ष्यांनी आपल्या जातीचा शोध लावून दिला म्हणून त्यांचा वध निर्दोष ठरत नाही. मात्र घेतलेला जीव कोणाच्याही मालकीचा न करता, खऱ्या चिठ्ठीसह सर्वांसाठी जपणे हे त्या वधाने लादलेले ऋण ठरते. जालना जिल्ह्यात नवे रोप उपटण्यापूर्वी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणातील जुने नमुने आधी पाहावेत, आणि तेथे उत्तर मिळाले तर रोपाला हात लावू नये.