धीर कशासाठी?

एका तरुण ख्रिस्ती बंधूने आम्हांस असा प्रश्न केला आहे की, "मी बिटकॉइन स्वतःच्या पैशाने विकत घेतो, कर्ज काढीत नाही, आणि भाव उतरला तरी डगमगत नाही. सहनशीलता व इंद्रियदमन ही तर आत्म्याची फळे. मग माझ्या ह्या धीरात उणे ते काय?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा उपहास न करता विचार केला पाहिजे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. २००९ साली निघालेले हे नाणे हाती धरता येत नाही. जगभरच्या संगणकांवर ठेवलेल्या एका सामाईक खातेवहीतील ती नोंद होय. अशी नाणी २ कोटी १० लाखांहून अधिक कधी निघावयाची नाहीत, असा त्या वहीचा नियम आहे. ज्यास 'स्पॉट' म्हणतात तो रोखीचा सौदा होय: पुरते पैसे मोजावे व नाणे आपल्या नावावर करून घ्यावे. उसन्या पैशावर सौदा करणाराचे नाणे, भाव फार पडला असता, त्याच्या मर्जीवाचून विकले जाते. रोखीने घेणारास थांबता येते. इतक्यापुरते आमच्या बंधूचे म्हणणे यथार्थ आहे.

आता थांबण्याचे फळ पाहू. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९,००० डॉलर झाला; वर्षाने तो १६,००० च्या खाली आला. त्या वेळी घाबरून ज्यांनी विकले ते बुडाले. जे थांबले त्यांनी मार्च २०२४ मध्ये तो भाव पुन्हा पाहिला. परंतु लूना नावाचे दुसरे नाणे मे २०२२ मध्ये थोड्याच दिवसांत कवडीमोल झाले. त्याच्या धन्यांपैकीही कित्येक धीर धरूनच बसले होते. मग एकाचा धीर सद्गुण आणि दुसऱ्याचा मूर्खपणा, हे बाजाराने ठरवावे काय? नाही. धीराची योग्यता मोबदल्यावरून ठरत नाही. आपण कशाची वाट पाहतो, आणि वाट पाहता पाहता आपण कसे होतो, यावरून ती ठरते.

याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचा धीर आपणांपुढे ठेविला आहे. शेतकरी पावसाची वाट पाहतो, पण स्वस्थ बसत नाही. तो खुरपतो, राखण करितो. आणि पीक आले म्हणजे त्याचे व शेजाऱ्याचेही पोट भरते. नाण्यास अंकुर फुटत नाही. आपणांस अधिक भाव मिळावयाचा तर मागून येणाऱ्या कोणी तरी तो द्यावा लागतो. एवढ्यावरून असा सौदा पापच आहे, असे आम्ही म्हणत नाही. कापसाचा व्यापारीही भावाची वाट पाहतो. परंतु प्रत्येक धीरास सद्गुण समजू नये. लोभही मनुष्यास शिस्त शिकवितो. चोरही रात्र होण्याची वाट मोठ्या धीराने पाहतो.

तर कसोटी कोणती? नाणे उद्या मातीमोल झाले तर लेकरांच्या तोंडचा घास जाईल काय? हा बाजार अहोरात्र उघडा असतो. प्रार्थनेच्या वेळी हात मोबाइलकडे वळतो काय? जेथे थांबावयाचे ती मर्यादा शांत चित्ताने लिहून ठेविली होती; भाव चढताच ती पुसली काय? १ एप्रिल २०२२ पासून आपल्या देशात अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे, व एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करिता येत नाही. तो कर आपण न लपविता भरितो काय?

आणि ज्या उपदेशक बंधूंच्या हाती मंडळीच्या दानपेटीची किल्ली आहे, त्यांस एक विशेष विनंती. "आठ दिवसांनी परत ठेवू" असे म्हणून त्या पैशास हात लावू नये. रोखीचा सौदा म्हणजे आपल्या पैशाचा सौदा; दानपेटीतील विधवेच्या टोल्या आपल्या नव्हेत.

भाव उतरल्या दिवशीही जो घरच्यांशी गोड बोलतो, आपले दान चालू ठेवितो व रात्री सुखाने निजतो, त्याचा धीर खरा. जो केवळ विकावयाच्या घटकेपर्यंत टिकतो, तो धीर नव्हे, लांबणीवर टाकलेला लोभ होय. ह्या दोहोंपैकी आपला कोणता, हे आमच्या बंधूने प्रभूसमोर आपल्या अंतःकरणास विचारावे.