शांतीचे अभिवादन आणि मधली भिंत



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची पहिली मिस्सा होती. शांतीच्या अभिवादनाची वेळ आली. मी पुढे वळून हात जोडले, मागे वळून हात जोडले, उजवीकडे जोडले. डावीकडे आमच्या शेजारचे काका उभे होते. त्यांच्याकडे हात वळले, पण नजर वळली नाही. त्यांचीही वळली नाही. पाच मिनिटांनी आम्ही दोघे एकाच रांगेत उभे राहून कम्युनियन घेतले. मिस्सा संपताना गायनमंडळाने जे गीत म्हटले, त्याचा अर्थ आपण सारे एक आहोत असाच होता. मीही मोठ्याने गायलो.

भांडण साधेच होते. काकांनी कुंपणाच्या जागी पक्की भिंत घातली. पावसाळ्यात त्यांच्या अंगणातून वाहून जाणारे पाणी अडले आणि आमच्या वाडीत तुंबले. मोगऱ्याची रोपे कुजली. आधी बोलाचाली झाली, मग बोलणेच बंद झाले. तीन वर्षे आम्ही देवळात एकाच बाकावर बसत होतो, आणि रस्त्यात समोरासमोर आलो की एकमेकांना चुकवत होतो.

त्या रविवारी घरी जाताना एक प्रश्न मनात घर करून बसला. आपण सारे एक आहोत, हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर कोणत्या अर्थाने?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आपल्या आजूबाजूला ऐकू येतात. पहिले असे, की मी आणि तू हा भेदच वरवरचा आहे. थेंब समुद्राला मिळाला की वेगळा उरत नाही. आपल्या देशातील थोर विचारवंतांनी अद्वैताचा विचार फार खोलवर केला आहे आणि त्याविषयी आदरच बाळगावा. पण माझ्यासारखा सामान्य माणूस ते वाक्य सोयीने वापरतो. भेदच नसेल, तर अन्याय कोणी कोणावर केला? क्षमा कोणी कोणाची मागायची? दुसरे उत्तर याच्या अगदी उलट: प्रत्येकाने आपले पाहावे, दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये. यात भांडण नाही, पण नातेही नाही.

या दोहोंच्या मधली वाट मला एका संत स्त्रीच्या चरित्रात दिसली. एडिथ स्टाइन यांचा जन्म 1891 साली ब्रेस्लाऊ येथे एका यहुदी कुटुंबात झाला. कुमारवयातच त्यांनी प्रार्थना करणे सोडून दिले होते. पुढे त्या तत्त्वज्ञानाकडे वळल्या आणि एडमुंड हुसर्ल यांच्या विद्यार्थिनी झाल्या. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, अभ्यास बाजूला ठेवून त्यांनी साथीच्या रोगांच्या लष्करी इस्पितळात परिचारिका म्हणून सेवा केली. 1916 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता समानुभूती, म्हणजे दुसऱ्याच्या मनातले मला कसे कळते, हा.

त्यांनी घेतलेले उदाहरण साधे आहे. मित्र येतो आणि आपला भाऊ गेल्याचे सांगतो. त्याचे दुःख मला जाणवते. पण ते दुःख माझे नाही, त्याचे आहे. भाऊ त्याचा गेला आहे, माझा नाही. मला सगळे कळले, असे म्हणून मी ते हिसकावून घेऊ शकत नाही. तरीही मी त्याच्या दुःखाकडे बाहेरून एखादी वस्तू पाहावी तसा पाहत नाही. ते दुःख मला हात धरून आत नेते आणि त्याच्या जागेवरून जग कसे दिसते ते दाखवते. म्हणजे जवळीक खरी आहे आणि अंतरही खरे आहे. अंतर पुसले तर समोरच्याचे दुःख नाहीसे होते, आणि माझीच कल्पना तेवढी उरते.

हा विचार त्यांच्या आयुष्यात उतरला. 1917 साली त्यांचे स्नेही आणि शिक्षक आडोल्फ राइनाख युद्धात मारले गेले. त्यांच्या विधवा पत्नीला भेटायला जाताना एडिथ धास्तावल्या होत्या. पण त्या बाईंना ख्रिस्ताच्या क्रुसातून मिळालेले बळ पाहून त्यांचाच अविश्वास डळमळला. 1 जानेवारी 1922 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1933 साली त्यांनी कोलोन येथील कार्मेल मठात प्रवेश केला. पण आपले लोक त्यांनी टाकले नाहीत. बाप्तिस्म्यानंतरही त्या आईसोबत यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात जात. जर्मनीत यहुद्यांचा छळ सुरू झाला, तेव्हा 1933 सालीच त्यांनी पोप पायस अकरावे यांना पत्र लिहून याविरुद्ध बोलण्याची विनंती केली.

जुलै 1942 मध्ये हॉलंडच्या बिशपांनी यहुद्यांच्या हद्दपारीचा देवळादेवळांतून निषेध केला. त्याचा सूड म्हणून 2 ऑगस्ट रोजी कॅथलिक झालेल्या यहुद्यांना पकडण्यात आले. त्यांत एडिथ आणि त्यांची बहीण रोझा होत्या. छावणीत कित्येक माता दुःखाने इतक्या सुन्न झाल्या होत्या, की लेकरांकडे पाहण्याचेही त्यांना भान नव्हते. एडिथ त्या मुलांना आंघोळ घालत, त्यांचे केस विंचरत, असे तेथून वाचलेल्यांनी सांगितले आहे. 9 ऑगस्ट 1942 रोजी आउशवित्झ येथे त्यांना ठार मारण्यात आले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1998 साली त्यांना संतपद दिले.

मला त्या मुलांचे केस विंचरणे फार मोलाचे वाटते. एकतेवर त्यांनी तेथे प्रवचन दिले नाही. समोरच्या मुलाला त्या क्षणी काय हवे आहे, ते त्यांनी पाहिले.

आपली श्रद्धाही हेच शिकवते. संत पौलाने ख्रिस्तसभेला शरीराची उपमा दिली. डोळा हात होत नाही, हात पाय होत नाही. पण एकाला लागले की दुसरा कळवळतो. आपण पवित्र त्रैक्य मानतो: पिता पुत्र नव्हे, पुत्र पिता नव्हे, तरी परमेश्वर एकच. असिसीच्या संत फ्रान्सिसने सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हटले. भाऊ म्हणजे मी नव्हे. पण परकाही नव्हे, एकाच घरातला. प्रेमाला दोघे लागतात.

आता आमच्या भिंतीविषयी. हे सगळे वाचूनही काकांच्या दारात जायला मला दोन महिने लागले. दार काकूंनी उघडले. काका ओट्यावर बसले होते. मी म्हटले, "काका, भांडायला नाही आलो. भिंत का घातली, एवढेच विचारायला आलो. तीन वर्षांत विचारलेच नाही."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या पावसात रात्री घरात गुडघाभर पाणी शिरलं. तुझ्या काकूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. सकाळपर्यंत तिला टेबलावर बसवून ठेवली. तू आला नाहीस."

मला ते ठाऊकच नव्हते. ती रात्र मी माझी रोपे मोजण्यात घालवली होती. माझे नुकसान खरे होते. पण त्यांची ती रात्रही खरी होती, आणि तिला माझ्या हिशेबात जागाच नव्हती. मी क्षमा मागितली. मग मोगऱ्याचे काय झाले, ते त्यांनी विचारले.

भिंत आजही आहे. तिच्या पायथ्याशी पाण्याला वाट ठेवली आहे. मोठ्या पावसात ती अपुरी पडते आणि आम्ही दोघे फावडे घेऊन उभे असतो. कधी थोडी कुरबूरही होते. आम्ही एक झालो, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण शांतीच्या अभिवादनाला आता नजर वळते.

बंधुभगिनींनो, आपल्या प्रत्येकाच्या डाव्या बाजूला कोणीतरी उभे असते. येत्या रविवारी हात जोडण्याआधी एवढेच आठवून पाहू या: त्या माणसाला आपण शेवटचे काय विचारले होते?