खलपुरुषाचे ऋण

मल्लेश्वरम हे नाव मराठी कानाला एखाद्या आखाड्याचे वाटते. वस्तुतः बंगळूरच्या या उपनगराच्या नावात मल्ल नाही, मल्लिकार्जुन आहे. येथील काडु मल्लेश्वराच्या देवळाशी शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे नाव जोडलेले असून त्यांच्या दानाचा लेख १६६९ चा आहे. १८९८ च्या प्लेगनंतर वाढलेल्या या शांत, मध्यमवर्गीय वस्तीच्या आसपास २००६ साली द्वेष आणि प्रेम या दोन भावनांची एक विलक्षण परीक्षा झाली.

त्या वर्षी ५ जानेवारीला कन्नड पडद्यावरचे अग्रगण्य खलनायक वज्रमुनी बंगळूरमध्ये निवर्तले. रंगभूमीवरच्या रावणाच्या भूमिकेने नावारूपाला आलेला हा नट ‘मल्लम्मन पवाड’ (१९६९) पासून पुढची अनेक वर्षे प्रेक्षकांचे शिव्याशाप झेलत राहिला. १२ एप्रिलला राजकुमार गेले. मल्लेश्वरमला लागून असलेल्या सदाशिवनगरात त्यांचे घर होते. पडद्यावर कित्येकदा हे दोघे एकमेकांसमोर उभे राहिलेले. नायकाच्या मृत्यूनंतर शहरात जाळपोळ झाली, पोलिसांनी गोळीबार केला, एका पोलिसासह अनेकांचे प्राण गेले. व्यवस्थेतील त्रुटी, गर्दीची बेशिस्त, समाजकंटकांचा हात अशी कारणे नंतर सांगितली गेली, आणि ती खोटीही नसतील. तरी एक गोष्ट उरतेच. ज्याच्यावर लोकांनी जन्मभर प्रेम केले त्याच्या शोकात रक्त सांडले. ज्याचा जन्मभर द्वेष केला त्याच्यासाठी माणसे नुसती हळहळली.

ज्याचा द्वेष करण्यासाठी तिकीट काढले, त्याच्या मृत्यूचा शोक कसा संभवतो? तो शोक खोटा, की पूर्वीचा द्वेष खोटा?

या प्रश्नाचे सर्वांत उघडे रूप व्यावसायिक कुस्तीत दिसते. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९१२ मध्ये उभ्या राहिलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात खलपुरुषाला जागा नाही. तेथे दोन मल्ल लाल माती अंगाला लावतात, सलामी देतात आणि एकाची पाठ जमिनीला टेकली की निकाल लागतो. जो चीत होतो तो हरतो. तो दुष्ट ठरत नाही. दारासिंगांच्या ‘फ्रीस्टाइल’ दंगलींचे गणित वेगळे होते. तेथे प्रेक्षकाला केवळ विजय पुरत नसे, न्याय हवा असे; आणि न्यायासाठी अपराधी लागतो. किंगकाँग या नावाने गाजलेल्या अगडबंब हंगेरियन मल्लाने ती गरज भागवली. १९७० मध्ये सिंगापूरला त्याचा अंत झाला. पण जुन्या पिढीच्या तोंडी दारासिंगांचे नाव आले की पाठोपाठ त्याचेही येते, आणि तेही काहीशा मायेने. रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताने १९५७ च्या आपल्या ग्रंथात या कुस्तीला क्रीडा न मानता नाट्य मानले, ते याच कारणाने.

या नाट्याचे खरे मर्म मात्र प्रेक्षकाला दिसत नाही. खलमल्ल प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटतो तेव्हा त्याची मान व कणा सांभाळण्याची जबाबदारी त्याच्याच हातांवर असते. सगळे सभागृह ज्याला क्रूर म्हणून हिणवत असते, तोच त्या क्षणी नायकाच्या हाडांचा रखवालदार असतो. दुष्टपणाचा आभास जितका दाट, तितकी सावधगिरी अधिक. म्हणजेच त्याचा धंदा द्वेषाचा असला तरी त्याचा धर्म विश्वासाचा असतो.

भट्टनायकाने ‘साधारणीकरण’ म्हणून जे सांगितले ते येथे उपयोगी पडते. रंगमंचावरील भाव ‘माझा’ किंवा ‘परक्याचा’ राहत नाही. व्यक्तिगत लाभहानीतून सुटल्यामुळेच क्रोध आस्वाद्य होतो. तेव्हा प्रेक्षकाचा द्वेष खोटा नसतो, फक्त त्याला मालक नसतो. दिवे लागले की तो जागच्या जागी सोडून देता येतो. शोक आणि द्वेष यांत विरोध नाही तो यामुळे.

परंतु तो नेहमी सोडला जातोच असे नाही. निळू फुले हे राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेले, सामाजिक चळवळींत रमणारे सज्जन गृहस्थ. तरी त्यांच्या पाटील-सरपंचांनी धास्तावलेल्या खेड्यातल्या बाया प्रत्यक्षातही त्यांना पाहून बिचकत, असे सांगितले जाई. २००९ च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हा अख्खा महाराष्ट्र हळहळला. येथे करार प्रेक्षकाने मोडला होता. मात्र त्याची किंमत एकट्या नटाने चुकवली, आणि नट ती आपल्या कलेची पावती म्हणून स्वीकारू शकतो.

याहून अवघड गोष्ट अमेरिकेतली. खोसरो वझिरी हा इराणमधून तेथे गेलेला अस्सल कुस्तीगीर. व्यावसायिक रिंगणात तो ‘आयर्न शेख’ झाला. १९७९ मध्ये तेहरानमध्ये अमेरिकन ओलीस धरले गेले आणि त्याच्यावरच्या आरोळ्यांना नवी धार चढली. १९८३ च्या डिसेंबरात तो विजेता झाला, तो जणू महिनाभरात हल्क होगनकडून हरण्यासाठीच. २०२३ च्या जूनमध्ये तो वारला तेव्हा त्याच चाहत्यांनी त्याला प्रेमाने आठवले. शोक खराच होता. पण त्या आरोळ्या एका माणसापुरत्या नव्हत्या. त्यांना एका देशाचा पत्ता होता. वझिरी मुखवटा उतरवून घरी जाऊ शकत होता. त्याच शहरात राहणाऱ्या एखाद्या इराणी विद्यार्थ्याला उतरवायला मुखवटा नव्हता, आणि खेळाचा करारही त्याने केलेला नव्हता.

भरताच्या नाट्यशास्त्राने हा पेच पहिल्याच अध्यायात मांडला आहे. पहिल्या नाट्यप्रयोगात दैत्यांचा पराभव दाखवला गेला आणि दैत्य खवळले. विरूपाक्षाला पुढे घालून विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती जखडून टाकली. इंद्राने जर्जर ध्वजदंडाने त्यांना झोडपले; परंतु तेवढ्याने भागले नाही. अखेर ब्रह्मदेवाला त्यांची समजूत घालावी लागली: हे नाट्य केवळ तुमचे नाही, केवळ देवांचेही नाही, तिन्ही लोकांच्या भावांचे हे अनुकीर्तन आहे. परंपरेने दैत्यांची तक्रार हसण्यावारी नेली नाही, हे लक्षणीय आहे. दंडानंतरही उत्तर देणे बाकी होते.

खलपुरुषाच्या शोकाची कसोटी यातून हाती येते. वज्रमुनींनी रंगवला तो लोभ, माज, कपट. हे दुर्गुण कोणत्याही एका जातीच्या वा देशाच्या मालकीचे नव्हेत, ते टाळ्या वाजवणाऱ्याच्याही घरी सापडतात. म्हणून त्यांच्यावर रागावणारा नकळत स्वतःवरही रागावत होता आणि त्यांना निरोप देताना त्याला कोणाची क्षमा मागावी लागली नाही. प्रेमाला मर्यादा लागते हे नायकाच्या चाहत्यांना कोणी शिकवले नव्हते. द्वेष कोठे थांबवायचा, हे मात्र खलनायक रोज संध्याकाळी, खेळ संपताच, शिकवत आला होता. त्याच्या मृत्यूवर हळहळणारा माणूस ते ऋण मान्य करत असतो.