परवानगीशिवाय आत येऊ नये

जगात दोन प्रकारची माणसे असतात. दार वाजले की एक प्रकार आधी "कोण आहे?" म्हणतो आणि मग कडी काढतो. दुसरा आधी कडी काढतो, "या, या, बसा" म्हणतो आणि पाहुणा चहा पिऊन गेल्यावर घरात विचारतो, "कोण होते हो हे?" आमचे तीर्थरूप दुसऱ्या प्रकारातले. मी जन्माने दुसऱ्या आणि नोकरीने पहिल्या प्रकारातला. सही जुळते का, नोट खरी का, चेकवर अंकात आणि अक्षरात एकच रक्कम आहे का, असे दिवसभर संशय घेण्याचा मला पगार मिळतो. एवढे संशय घेऊन घरी परतल्यावर माणसाने पुन्हा भाबडे कसे व्हायचे, हा धडा बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हता.

विश्वास हा सद्गुण असेल तर कुलूप म्हणजे काय? या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला बँकेतच मिळाले. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या. एक साहेबांकडे, एक हेडकॅशियरकडे. दोघे आल्याशिवाय दार उघडत नाही. आता आमचे हेडकॅशियर म्हणजे कपाळाला गंध, कानाला अत्तराचा फाया, आणि गिऱ्हाईक चुकून पन्नास रुपये जास्त देऊन गेले तर भर उन्हात त्याच्या मागे धावणारे. त्यांच्यावर संशय घेणाऱ्याची जीभ झडेल. तरी किल्ल्या दोनच. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "दुसरी किल्ली साहेबांकडं आहे म्हणून तर मला रात्री झोप लागते." म्हणजे कुलूप नेहमीच अपमान करत नाही, कधी कधी ते उशीसारखे डोक्याखाली घेऊन झोपताही येते.

प्रश्नाचा उरलेला निम्मा भाग एका डब्यातून आला.

मी आठवडाभर सांगलीच्या शाखेत असतो आणि शनिवार-रविवार साताऱ्याला घरी. घरी सौ., मुलगी आणि अण्णा. अण्णांना निवृत्त होऊन वीस वर्षे झाली. पूर्वी शाळेत गणित शिकवत, आता टॅबलेटवर कीर्तने ऐकतात. आमचा मेहुणा पुण्यात संगणकाच्या कंपनीत. तो दिवाळीला आला तो कंदी पेढ्यांचा डबा न्यायला आणि दुसरा एक डबा द्यायला. आकार साधारण जेवणाच्या डब्याएवढा, मागे चार भोके, पुढे चार दिवे. "दाजी, ही फायरवॉल. घरातल्या सगळ्यांच्या इंटरनेटची राखण करील."

फायरवॉल म्हणजे मुळात इमारतीतली आग शेजारच्या भागात जाऊ नये म्हणून बांधलेली भिंत. अण्णांनी लगेच "अग्निभिंत" असा शब्द पाडून दिला. सौ. म्हणाली, "मग चुलीमागं असते ती." डब्याचे काम मात्र भिंतीपेक्षा नाक्यावरच्या जकात कारकुनाचे. इंटरनेटवरून येणारा मजकूर लहान लहान पुडक्यांतून येतो. प्रत्येक पुडक्यावर कुठून आले, कुठे जायचे आणि कोणत्या दाराने जायचे हे लिहिलेले असते. अशी दारे प्रत्येक यंत्राला पासष्ट हजारांवर. आमच्या घराला दोन आहेत, आणि त्यांतले मागचे पावसाळ्यात फुगते.

डबा जोडला. चारही दिवे लागले. इंटरनेट गेले.

वायरी काढून पुन्हा लावल्या. दिवे प्रसन्न, इंटरनेट नाही. मेहुणा तोपर्यंत पुण्याला पोचलेला. तो फोनवर म्हणाला, "दाजी, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बघा." हे मला पटले. रोजकीर्द जुळत नसली की आम्हीही हेच करतो. आणि फरकाला नऊने भाग जात असेल तर कुठे तरी दोन आकडे उलटे पडले आहेत का, ते आधी पाहतो. संगणकाच्या दुरुस्तीत नऊचा नियम नाही, पण संयमाचा आहे. पहिल्यांदा मुलीने संगणकावर डब्याचे स्वतःचे पान उघडून पाहिले. उघडले. म्हणजे संगणक ते डबा हा रस्ता ठीक. मग डब्याला बाहेरून कोणता पत्ता मिळाला तो पाहिला, आणि तिथे घोटाळा सापडला.

इंटरनेट कंपनीची एक पेटी भिंतीवर आधीपासून होती. तिचा पत्ता १९२.१६८.१.१. नवा डबाही कारखान्यातून येताना हाच पत्ता घेऊन आलेला. एका घरात दोन कर्ते पुरुष! शिवाय बाहेरची बाजू आणि आतली बाजू एकाच आडनावाची झाल्यामुळे आपले कोण आणि परके कोण हेच डब्याला कळेना. अशा वेळी तो कुणालाच काही पोचवत नाही. भाऊबंदकीत अडकलेल्या घरांचेही असेच होते. दिवे सगळे लागलेले असतात, पण निरोप कुणाचा कुणाला जात नाही.

उपाय दोन होते: डब्याच्या आतल्या घराण्याला नवे आडनाव द्यायचे, किंवा भिंतीवरच्या पेटीला कर्तेपणातून निवृत्त करायचे. आम्ही दुसरा पत्करला. कंपनीच्या माणसाने पेटीला "नुसते पलीकडे पोचव, डोके चालवू नको" अशी ताकीद दिली. याला ते लोक ब्रिज म्हणतात, म्हणजे पूल. निवृत्तीनंतर पूल व्हावे, डोके चालवू नये, हा सल्ला पेटीने मुकाट्याने मानला. अण्णा शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत.

इंटरनेट आले आणि डब्याची नियमावली उघडली. नियम वरून खाली वाचायचे. जो पहिल्यांदा लागू पडेल तो खरा, पुढचे वाचायचे नाहीत. सगळ्यांत शेवटचा नियम न लिहिताच असतो: बाकी सर्वांना मज्जाव. मात्र आतून कुणी हाक मारली तर डबा ते लक्षात ठेवतो आणि तिचे उत्तर आत येऊ देतो. न बोलावता आलेला बाहेर.

डबा रोजनिशीही लिहितो. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून पाहिली तर रात्रभरात शेकडो अनोळखी पत्त्यांनी आमचे दार ठोठावलेले. अण्णांनी चष्मा लावून यादी वाचली आणि म्हणाले, "एवढे जण आले आणि एकालाही पाणी विचारलं नाहीस?"

"अण्णा, ही माणसं नव्हेत. गल्लीतली सगळी दारं ढकलून बघत जाणारी यंत्रं आहेत. उघडं सापडलं की शिरायचं."

"मग ठीक," अण्णा म्हणाले. "यंत्राला तहान नसते."

आता भिंतींच्या बाबतीत आम्हा सातारकरांना कुणी शिकवू नये. घरातून मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने त्याला वेढा घातला. प्रयागजी प्रभूंनी तो एप्रिल १७०० पर्यंत झुंजवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले, त्यांतला एक असा उडाला की तट त्यांच्याच फौजेवर कोसळला. तट फुटूनही किल्ला पडला नाही. तो गेला राजाराम महाराजांच्या निधनाची बातमी आल्यावर आणि रसद सरल्यावर, वाटाघाटीने. बादशहाने त्याचे नाव आझमतारा ठेवले. पुढे मराठ्यांनी तो परत घेतला आणि मग त्याला अजिंक्यतारा म्हणू लागले. एकदा हातचा जाऊन परत आल्यावर मिळालेले हे नाव मला फार समजूतदार वाटते.

सांगलीचा धडा याच्या उलट. तिथल्या गणेशदुर्गाचा तट बांधला शत्रू आत येऊ नये म्हणून. पुढे त्यातच तुरुंग झाला, आणि २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आपल्या सहकाऱ्यांसह तो तुरुंग फोडून बाहेर पडले. राखणीची भिंत आणि कोंडण्याची भिंत एकाच दगडाची असते. आत उभ्या असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय ती कोणती, हे सांगता येत नाही.

आणि भिंत शाबूत असूनही घर जाते, हे पुण्याने पाहिले. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. त्यांतले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून. चोरांनी तिजोरीला हातही लावला नाही. या खात्यावर पैसे द्यावेत का, असे एटीएम जिला विचारते त्या यंत्रणेच्या जागी त्यांनी आपली खोटी यंत्रणा बसवली. ती प्रत्येकाला "हो" म्हणत गेली. म्हणजे कारकून बदलला, आणि नवा कारकून फारच गोड स्वभावाचा निघाला. आमच्या धंद्यात गोड स्वभावाची भीती वाटते ती यामुळे.

हल्लीची फसवणूक तर भिंतीला वळसा घालून फोनवरून येते. "आम्ही पोलीस बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे." असली अटक भारतीय कायद्यात नाहीच. पण घाबरलेला माणूस कायदा उघडून बसत नाही, मुदत ठेव मोडायला बँकेत येतो. तिथे खिडकीमागे मी.

अशाच एक काकू आमच्या शाखेत आल्या. पेन्शनीच्या दिवशी मला भडंग आणून देणाऱ्या. सगळ्या ठेवी मोडायच्या म्हणाल्या. हात थरथरत होते, पर्समधला फोन चालूच. मी विचारले, "काकू, एवढी रक्कम कशाला?"

"तुला काय करायचंय? पैसे माझे आहेत ना?"

या प्रश्नाला उत्तर नाही. पैसे त्यांचेच होते. विचारावे तर आगाऊपणा, न विचारावे तर निष्काळजीपणा. मी कागद मागितले, चहा मागवला, साहेबांना बोलावले, त्यांच्या भाचीला फोन लावला. तासाभराने भाची आली, फोन बंद झाला, १९३० या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार गेली. ठेवी वाचल्या. पण सगळ्या शाखेसमोर आपली झडती झाली, असे काकूंना वाटले ते वाटलेच. आता त्या शेजारच्या खिडकीत जातात. भडंगही तिकडेच जाते. राखण करणाऱ्याच्या खात्यावर हा खर्च नेहमी पडतो, आणि तो कुठल्याच व्हाउचरवर दाखवता येत नाही.

म्हणूनच मेहुण्याने पुढची सूचना केली तेव्हा मी थांबलो. तो म्हणाला, "दाजी, अण्णांचा टॅबलेट वेगळ्या यादीत टाकू. दहा ठिकाणं उघडी, बाकी सगळी बंद. त्यांना कळणारही नाही." दहावीच्या मुलीला अशी यादी लावता येते, तिला मोठे व्हायचे आहे, यादी रोज थोडी वाढवता येते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाची यादी कोणत्या दिशेने वाढवायची? आणि "कळणारही नाही" हे तर फसवणाऱ्याचेच वाक्य.

मी अण्णांना सरळ विचारले. सगळे सांगितले, काकूंचेही. अण्णा बराच वेळ अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "दहा ठिकाणं पुरतात मला. पण ती दहा मी ठरवीन. आणि पैशाचं म्हणशील, तर तुमच्या बँकेतली ती दोन किल्ल्यांची पद्धत काय वाईट आहे? पाच हजारांवर रक्कम द्यायची झाली तर मी तुला विचारीन."

मला बरे वाटले.

"आणि तूही मला विचारायचंस," अण्णा म्हणाले.

राखणदार आणि जेलर यांतला फरक मला आजवर कुणी इतक्या थोडक्यात सांगितला नव्हता. जो नियम लावणाऱ्यालाही लागतो, तो राखणीचा. दुसरी किल्ली त्याच्याजवळ नसते, तेव्हा भिंत कितीही मायेने बांधलेली असो, आतला माणूस गणेशदुर्गातलाच.

अण्णांनी स्वतःसाठी आणखी एक नियम करून घेतला आहे: जो घाई करील त्याला "उद्या या" म्हणायचे. फोनवरच्या दोन तथाकथित पोलिसांना त्यांनी असे परत पाठवले. दोघेही उद्या आले नाहीत. नियम उत्तमच आहे. फक्त गेल्या रविवारी मी स्कूटरच्या दुरुस्तीचे पाच हजार दोनशे रुपये द्यायचे म्हणून परवानगी मागायला गेलो, आणि म्हणालो, "अण्णा, मेकॅनिक खाली उभा आहे, जरा घाई आहे."

मी सांगलीला बसने आलो.