छापा, मुक्काम आणि रिकामी गावं

३० मार्च १९४६ च्या रात्री ग्रीसमधल्या ऑलिंपस पर्वताच्या पायथ्याशी, लितोखोरो गावातल्या सशस्त्र पोलिसांच्या ठाण्यावर डाव्या बंडखोरांनी हल्ला केला आणि ते पुन्हा डोंगरात शिरले. दुसऱ्या दिवशी देशात निवडणूक होती. ग्रीक यादवी युद्धाचा आरंभ बहुतेक इतिहासकार याच छाप्यापासून धरतात. तिथून साडेतीन वर्षांत छाप्याची कल्पना कशी बदलत गेली, हे समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवातीला तिच्यात जिवाची भीती होती. जर्मनांशी लढलेल्या डाव्या सैनिकांनी फेब्रुवारी १९४५ च्या वार्किझा करारानंतर शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर उजव्या टोळ्यांनी गावोगाव त्यांच्यावर सूड उगवला, तेव्हा अनेकांनी डोंगर गाठला. उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातलं एखादं ठाणं म्हणजे दगडी घर, मूठभर शिपाई आणि खेचराच्या पायवाटेनं येणारी रसद. मदत यायला काही तास तरी लागत. तेवढ्यात ठाणं लुटायचं, बंदुका-काडतुसं उचलायची आणि निघून जायचं. सरकारनं लहान ठाणी उठवून माणसं मोठ्या गावांत आणली, आणि मधली खेडी आपोआप बंडखोरांच्या हाती आली. भाकरी, बातमी आणि नवी पोरं, तिन्ही तिथूनच मिळू लागली. हे घडवून आणणारा मार्कोस वाफियादिस हा तंबाखू कामगारांतून वर आलेला नेता होता. आपण कुठल्या बळावर उभे आहोत, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

बंडखोरांच्या कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस निकोस झाखारियादिस याला मात्र नियमित सैन्य हवं होतं, आणि सरकार मिरवायला एखादी राजधानी. २४ डिसेंबर १९४७ रोजी बंडखोरांचं हंगामी सरकार जाहीर झालं. लगेच दुसऱ्या दिवशी, ऐन नाताळात, अल्बानियाच्या सीमेलगतच्या कोनित्सावर हल्ला चढवण्यात आला. रस्त्यावरचा बुराझानी पूल बंडखोरांनी घेतला, भोवतालच्या डोंगरांवरून गावावर तोफांचा मारा केला. पण आतली शिबंदी हटली नाही. जादा कुमक आली आणि जानेवारीच्या सुरुवातीला बंडखोरांना माघार घ्यावी लागली. माझ्या मते त्यांचा डाव खरा फसला तो इथे. छापा घालणाऱ्याला निघून जाण्याची मुभा असते. राजधानी घ्यायला आलेल्याला मुक्काम करावाच लागतो, आणि मुक्काम केला की वेळ शत्रूच्या बाजूनं धावू लागतो.

सरकारी सैन्यही तोवर शिकलं होतं. मार्च १९४७ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष ट्रूमन यानं मदतीची घोषणा केल्यावर अमेरिकेतून शस्त्रं आली, सल्लागार आले, डोंगरवाटांसाठी खेचरंसुद्धा आली. पण सर्वांत परिणामकारक ठरला तो गावं उठवण्याचा उपाय. डोंगरातल्या वस्त्या रिकाम्या करून लोकांना शहरांच्या कडेला छावण्यांत आणून ठेवलं गेलं. विस्थापितांचा आकडा सात लाखांच्या आसपास गेला. ज्या घरातून भाकरी यायची त्या घराला कुलूप लागलं. मग बंडखोरांनी उरल्यासुरल्या गावांतून मुलं-मुली बळजबरीनं भरती केल्या. हा सगळा इतिहास वाचताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हेच. ज्यांच्या रक्षणासाठी म्हणून लढा उभा राहिला, त्यांच्याच दारात बंदुकीच्या धाकानं पोरं मागायची पाळी आली. कोणत्याही युक्तिवादानं मला ते पटत नाही.

मार्कोसला १९४९ च्या सुरुवातीला हटवण्यात आलं. आता सीमेवरच्या ग्रामोस आणि वित्सी या डोंगरांत खंदक खणून जमीन धरून ठेवायची, असं ठरलं होतं. युगोस्लाव्हियाचा टिटो आणि सोव्हिएत संघाचा स्टालिन यांच्या भांडणात बंडखोरांच्या पक्षानं स्टालिनची बाजू घेतली. जुलै १९४९ मध्ये युगोस्लाव्हियानं सीमा बंद केली आणि पाठीमागची वाटही गेली. ऑगस्टमध्ये विमानांतून बॉम्ब आणि नेपाम पडले. आधी वित्सी गेलं, महिनाअखेर ग्रामोस. उरलेले अल्बानियात उतरले.

या युद्धाबद्दल आजही वाद होतो तो मार्कोस बरोबर की झाखारियादिस, असा. मला तो अपुरा वाटतो. मार्कोसच्या पद्धतीनं लढाई आणखी लांबली असती, पण तीही त्याच गावांच्या भाकरीवर. आणि गावांनी मोजलेली किंमत युद्धाबरोबर संपली नाही. सीमेपलीकडे गेलेल्यांना परतण्याची मुभा ग्रीक सरकारनं १९८२ मध्ये दिली, तीही फक्त वंशानं ग्रीक असणाऱ्यांना. त्याच सीमाभागातल्या ज्या स्लाव्हभाषक मॅसिडोनियन कुटुंबांतून बंडखोरांच्या सैन्यात मोठी भरती झाली होती, त्यांना त्या मुभेतून वगळलं गेलं.