धानाचे पैसे कोणाचे?

दिवाळीच्या सुमारास गोंदियाकडे हलके धान कापून झालेले असते आणि भारी धान अजून बांध्यांत उभे असते. गायगोधनाला गुरे नटून बाहेर निघतात, मग गावोगाव मंडई भरू लागते. याच दिवसांत पारावर एक चर्चा रंगते : यंदा बोनस किती, आणि तो कोणाला? किती ते सरकारने ठरवावे. कोणाला, हा प्रश्न मात्र एकट्या सरकारवर सोपवून मोकळे होता येईल, असे मला वाटत नाही.

पूर्वी बोनस क्विंटलमागे मिळे. आधारभूत केंद्रावर जेवढे धान मोजून द्यावे, तेवढा पैसा. परंतु छत्तीसगड आणि मध्यप्रदेश शेजारीच. तिकडचे धान इकडच्या कोणाच्या तरी सातबाऱ्यावर विकून व्यापारीच बोनस लाटतात, अशी ओरड झाली. तेव्हा २०२२ च्या नागपूर अधिवेशनात माप बदलले : हेक्टरी १५,००० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंतच. २०२३ साली त्याचे २०,००० झाले. तराजू गेला आणि त्याच्या जागी सातबारा आला. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये आधीपासूनच त्याच वाटेने येत होते. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन कोणाच्या नावे होती, ही तिथली कसोटी.

आता ज्याने दुसऱ्याची जमीन ठेक्याने केली, त्याचे काय? बियाणे त्याचे, खत त्याचे, पाऊस लांबला तर रात्रीची झोप त्याची गेलेली. पैसा मात्र जमिनीच्या धन्याच्या खात्यात, मग तो धनी नागपुरात का राहीना! हा पैसा धानाची किंमत म्हणावा, तर पिकवणाऱ्याचा. तोट्यातला आधार म्हणावा, तर तोटा सोसणाऱ्याचा. केवळ मालकीचे बक्षीस म्हणून तो दिला जातो, असे तर कोणीच म्हणत नाही!

मालकाचीही बाजू आहे, आणि ती खोटी नाही. ठेका कागदावर आणला तर जमीन कुळाची होईल, ही भीती विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्यापासून घराघरांत मुरलेली आहे. कुळाला वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने त्याचे नावच कागदावरून पुसावे, हा दैवदुर्विलास म्हणायचा. परंतु भीतीने कागद टाळता येतो. त्या टाळलेल्या कागदाचा नफाही आपल्याच खिशात घालण्याचा हक्क भीतीतून कसा निघतो, हे मला उमगत नाही. ठेका ठरतो तोंडी, विश्वासावर. तसेच, बोनस आला तर तो करणाऱ्याचा, हेही एक वाक्य तोंडी बोलून ठेवता येते. कित्येक मालक ठेक्याची रक्कम तेवढी कमी करतीलही. ज्यांना ते जड जाते, त्यांनी निदान पोरांसमोर बळीराजाच्या गोष्टी सांगू नयेत.

आणि रोवणीच्या बाया? त्या चिखलात दिवसभर वाकून पेंढ्या लावतात. त्यांच्या नावे ना सातबारा, ना ठेका. मजुरी मिळाली की हिशेब मिटला, असे सारेच धरून चालतात. मालक आणि ठेकेदार यांचे भांडण मिटवणारे माझे ते एक वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.