पाप कुणाच्या नावावर?

मी तत्त्वज्ञान शिकलेलो नाही. दहावीनंतर शाळा सुटली आणि सूतगिरणीत रिंग खात्यात लागलो. जे वाचलं ते तिसऱ्या पाळीवरून आल्यावर, झोप मोडून वाचलं. तेव्हा पंडितांना या पानांत पंडिती सापडायची नाही. पण एक प्रश्न वर्षभर डोक्यात साच्यावरच्या चातीसारखा फिरतोय. तो तुमच्यापुढे टाकतो.

प्रश्न असा : कंपनी पाप करते तेव्हा ते पाप कुणाच्या नावावर लागतं?

आधी घडलं ते सांगतो. माझ्या आईनं बावीस वर्षं वाइंडिंगला काढली. ठेकेदाराकडं. कामगार विम्याचं कार्ड कधी निघालंच नाही. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेली की तिची छाती आवळून यायची. आम्ही म्हणायचो, आळस आलाय. पुढं वाचताना कळलं की कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या रोगाला नाव आहे, बिसिनोसिस, आणि कामगार विमा कायद्याच्या परिशिष्टात तो धंद्यातला रोग म्हणून लिहिलेला होता. म्हणजे कायद्याला माहीत होतं. आईला माहीत नव्हतं.

एका रात्री तिला श्वास घेववेना. जवळ होतं ते खासगी हॉस्पिटल. आधी डिपॉझिट, मग खाट. चार दिवसांनी ती बरी झाली, पण सोडेनात. बिलात सात हजार कमी पडत होते. एक अख्खा दिवस आई बऱ्या झालेल्या छातीनं त्या खाटेवर ओलीस बसली. मी पाळी बुडवून दारोदार हिंडलो. पैसे भरले, आई सुटली.

आणि चौदा एप्रिलला आमच्या मंडळाच्या कमानीवर त्याच हॉस्पिटलचा बॅनर आला. मालकाचा फोटो, हात जोडलेला. बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा वीतभर मोठा. त्या बॅनरची एक दोरी मी बांधली. माझ्या हातानं. गप बसून.

दोस्तहो, हा लेख त्या दोरीबद्दल आहे.

रात्री मित्राशी भांडलो. तो म्हणाला, "आरं, पैशाला जात नसती. त्यानं दिलं, आपण घेतलं. साऊंडवाला काय जयभीमवर वाजवतोय व्हय?"

पैशाला जात नसते. ऐकायला बरं वाटतं. पण माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, तो बाहेर पडला आणि परत आत गेलाच नाही. त्याच्या तोंडून ऐकलंय, त्याच्या आधीच्या पिढीला विणाई खात्यात पाय ठेवता येत नव्हता. धोटा भरताना धागा तोंडानं ओढावा लागे. महाराच्या तोंडाचा धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? म्हणून पगार बरा ते खातं स्पृश्यांना आणि आपली माणसं रिंग खात्यात. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. गिरणी नवी होती, यंत्र विलायती होतं, पण पगार जातीप्रमाणं होता. आजा रिंग खात्यातच होता. मीही रिंग खात्यातच आहे.

तर पैशाला जात नसते असं मला म्हणता येत नाही. पण मित्राला उत्तर द्यायचं तर गुन्हेगार दाखवायला हवा. मी शोधायला लागलो.

काउंटरवरचा पोरगा म्हणाला होता, "दादा, मी नोकर माणूस. पैसे भरल्याशिवाय डिस्चार्ज निघत नाही." खोटं नव्हतं ते. त्याचा पगार माझ्याएवढाच असेल. डॉक्टर म्हणेल, मी कर्ज काढून शिकलो, हॉस्पिटल मला आकडा देतं. औषध कंपनीचा एम. आर. म्हणेल, मला महिन्याचं टार्गेट. मॅनेजर म्हणेल, वरून आदेश. वरचा म्हणेल, मी भागधारकांना बांधलेला. आणि भागधारक कोण? इथं मी चमकलो. २०१५ पासून आपल्या भविष्य निर्वाह निधीतल्या पैशाचा काही हिस्सा शेअर बाजारात जातो. त्यात बड्या औषध कंपन्याही आल्या. म्हणजे माझ्या घामाचा एक थेंब त्या बाजूलाही पडतोय. धागा धरून गुन्हेगार शोधायला निघालो आणि धाग्याचं दुसरं टोक माझ्याच बोटाला गुंडाळलेलं.

हे कुठं तरी आधी पाहिलंय असं वाटत राहिलं. मग कळलं. ही तर जात.

पाणवठ्यावर अडवणारा म्हणे, गावाची रीत. गावाचा पाटील म्हणे, भट सांगतो. भट म्हणे, शास्त्र सांगतं. शास्त्र कुणी लिहिलं? देवानं. देवाला विचारायला कोण जाणार? हजारो वर्षं माणसाला माणूस तुडवत आला आणि एकाच्याही नावावर पाप लागलं नाही. प्रत्येकजण आपला धर्म पाळत होता. बाबासाहेबांनी दाखवलं की ही विषमता श्रेणीबद्ध आहे. प्रत्येकाच्या वर कुणी तरी आहे, म्हणून तो आदेशाचा ताबेदार. प्रत्येकाच्या खाली कुणी तरी आहे, म्हणून त्यालाही थोडा मान. थोडा थोडा फायदा सगळ्यांत वाटला की पापही थोडं थोडं वाटलं जातं, आणि थोडं पाप कुणालाच जड होत नाही.

कंपनीनं हीच उतरंड उचललीय. आणि शेवटी दोष कुणाला? जातीत सांगायचे, तुझं गेल्या जन्मीचं कर्म. इथं सांगतात, तू विमा का नाही काढलास? दोन्हीकडं आरोपी एकच. जो मार खातो तो.

१९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. आपण ते घोषणेसारखं म्हणतो. मला आता वाटतं की दोघांचं यंत्र एकाच बनावटीचं आहे. दोन्ही यंत्रं माणसाकडनं वाईट करून घेतात आणि त्याला चांगलं समजू देतात.

आता कुणी म्हणेल, तथागतांनी तर कर्माचं मूळ हेतूत सांगितलं. मनात चेतना नाही तर कर्म कसलं? कंपनीला मन नाही. काउंटरवरच्या पोराच्या मनात आईला ओलीस ठेवायचा हेतू नव्हता. मग पाप झालंच नाही?

यावर मी बऱ्याच पाळ्या घालवल्या. मला सुचलेलं उत्तर हे. हेतू नसलेलं काम करून घेणारी व्यवस्था आपोआप उगवत नाही. ती कुणी तरी मांडलेली असते, नियम करून, सह्या करून. हेतू त्या मांडणीत असतो. आणि मांडणी दिसल्यावरही जो तिची दोरी बांधतो त्याचाही हेतू असतोच. न कळता केलं ते वेगळं. कळून गप बसलो ते माझं.

मांडणी माणसं करतात याचा पुरावा औषधातच आहे. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषध या वस्तूवरची मक्तेदारी काढली, फक्त बनवण्याच्या रीतीवर पेटंट ठेवलं. म्हणून इथं स्वस्त औषधं झाली. २००१ साली सिप्लानं एड्सची औषधं दिवसाला एक डॉलरच्या आत द्यायची तयारी दाखवली, तेव्हा परदेशी कंपन्या वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर घेत होत्या. पुढं जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी २००५ मध्ये कायदा बदलला, मक्तेदारी परत आली. पण लढणाऱ्यांनी त्यात काही खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या. २०१२ साली बायरच्या कॅन्सरच्या औषधावर सक्तीचा परवाना दिला गेला. महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांचं औषध नॅटको कंपनीला आठ हजार आठशेत विकावं लागलं. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिसला ग्लिवेकचं पेटंट नाकारलं.

नीट बघा. स्वस्त देणारीही कंपनीच, महाग देणारीही कंपनीच. एकीला दया आली आणि दुसरीला नाही असं नव्हतं. लगाम कुणाच्या हातात, एवढाच फरक होता.

म्हणून लगामाचा हात विकत घेणं हा सगळ्यात मोठा धंदा. कंपनीनं पक्षांना किती द्यावं याला मर्यादा होती, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के. २०१७ च्या वित्त कायद्यानं ती उडवली आणि निवडणूक रोखे आणले. देणारा कोण ते मतदाराला कळायचं नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ही योजना घटनाबाह्य ठरवली. मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. एप्रिल २०१९ पासूनचे २२,२१७ रोखे, बारा हजार कोटींच्या वर रक्कम. देणाऱ्यांत औषध कंपन्या होत्या, हॉस्पिटलवाल्या कंपन्याही होत्या. प्रत्येक रुपयानं काही ना काही विकत घेतलं असं मी म्हणणार नाही. मला सिद्ध करता येणार नाही. पण खाल्ल्या मिठाला जागायचं ही आपल्याकडची रीत आहे, आणि मीठ कुणाचं खाल्लं हेच लपवून ठेवलं होतं. बाबासाहेबांनी एक माणूस एक मत दिलं. माझं मत उघड्यावर रांगेत उभं, आणि कंपनीचं मत बंद पाकिटात.

आणि हे सांगायचं कुणी? वर्तमानपत्रांनी. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'नं पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. १९४३ साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांनी सुनावलं की पत्रकारिता धंदा झालीय, साबण करण्यासारखा. २००९ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात उमेदवारांच्या जाहिराती बातम्या म्हणून छापल्याचं पी. साईनाथांनी उघड केलं, प्रेस कौन्सिलला अहवाल करावा लागला. मी आईबद्दल एका पेपरला पत्र पाठवलं. छापलं नाही. त्या आठवड्यात त्याच पेपरात त्या हॉस्पिटलची अर्धं पान जाहिरात होती. पत्र वाईट लिहिलं असेल. पण मला कधी कळणार नाही, आणि हे न कळणं हाच त्यांच्या सत्तेचा भाग आहे.

मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं बोललो. आवाज कापत होता. मित्र उठला. म्हणाला, "बाबासाहेबांनीबी शाहू महाराजांकडनं अडीच हजार घेतलं. बिनपैशाची चळवळ दाखव."

मुद्दा खरा आहे. 'बहिष्कृत भारत' पैशावाचून थकला, हे आपल्याला माहीत आहे. पैसा घेऊच नये असं मी म्हणत नाही. पण महाराजांचा पैसा उघड होता, आणि देणारा नि घेणारा अस्पृश्यतेविरुद्ध एकाच बाजूला उभे होते. म्हणून मी दोन कसोट्या सांगितल्या. एक, देणाऱ्याचं नाव आणि रक्कम फळ्यावर लिहायची आपली तयारी आहे का? दोन, हा पैसा घेतल्यावर कुठल्या दारात जाऊन आपल्याला ओरडता येणार नाही? ते दार आपल्या माणसांना अडवणारं असेल, तर तो पैसा देणगी नव्हे. ते आपल्या गप्प बसण्याचं आगाऊ भाडं.

मतं घेतली. सतरा विरुद्ध पाच. मी हरलो. यंदाही कमान तीच असेल.

पण त्या पाचांतले आम्ही आता त्या दवाखान्याच्या दारात जातो. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयानं रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायला पाहिजे. बिलासाठी रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही. आम्ही विचारतो, सनद कुठाय? आम्ही ठेकेदाराच्या बायाबापड्यांना विचारतो, विम्याचं कार्ड कुठाय? थोडं काम आहे. पण थोडं थोडं पाप वाटून एवढी उतरंड उभी राहते, तर थोडं थोडं विचारून ती हलायला काय हरकत आहे?

मी स्वच्छ नाही. निधीतला पैसा मला काढता येत नाही, गिरणी सोडता येत नाही. अंगाला कापूस न लागता कापडगिरणीत राहता येत नाही. पण मी जबाब देऊ शकतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये सांगितलंय की एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसं आली की आहे. कंपनीनं माणसामाणसांत खिडक्या, काउंटर आणि कागद उभे केलेत, की दोन माणसं समोरासमोर येऊच नयेत. आपलं काम त्या खिडकीत हात घालून पलीकडच्याला विचारणं : भाऊ, हे तू करतोयस ना?

आणि तेवढंच स्वतःला विचारणं. माझं उत्तर मी लिहून ठेवतो. होय, ती दोरी मी बांधली होती. यंदा बांधणार नाही.